दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि डोक्यावर ऊन: एका फ्लॅशवर जोडप्याचे चांगले फोटो कसे काढायचे?



आपल्याकडे कितीतरी लग्नं दुपारच्या मुहूर्तावर लागतात. साडेबाराला अक्षता पडतात, लगेच पंगती बसतात, आणि या सगळ्या गडबडीत नवरा-नवरीचे दोघांचेच फोटो काढायला तुमच्या वाट्याला येतात जेमतेम पंधरा मिनिटं. तीही भर उन्हातली, कार्यालयाच्या मोकळ्या अंगणात. "संध्याकाळी छान ऊन पडतं, तेव्हा काढू," असं आपण म्हणू शकत नाही. संध्याकाळपर्यंत नवरी सासरी निघालेली असते.

आता धंद्याच्या बाजूने बघा. अल्बमचं पहिलं पान याच फोटोंचं असतं. नात्यातली पुढची चार लग्नं हे पान बघूनच तुम्हाला मिळतात किंवा हातची जातात. स्टेजवरचे फोटो सगळेच बरे काढतात. दुपारच्या उन्हात ज्याच्या फोटोतले चेहरे स्वच्छ, डोळे उघडे आणि मागची झाडं-आकाश रंगासकट दिसतात, तो फोटोग्राफर लोकांच्या लक्षात राहतो.

व्हिडिओत आपण हे प्रत्यक्ष करून दाखवलं. इथे त्यामागचा हिशेब आकड्यांसकट देतोय, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री मोबाइलवर पुन्हा वाचता येईल.

आधी दुखणं समजून घ्या

दुपारचं ऊन वरून पडतं. कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, मुंडावळ्यांच्या सावल्यांचे पट्टे गालावर उमटतात. नवरदेवाचं पांढरं उपरणं जळून जातं आणि फेट्याखालचा चेहरा मात्र अंधारात. त्यात दोघंही डोळे बारीक करून उभे.

मग बरेच जण काय करतात? कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारतात. त्याने सावल्या थोड्या भरतात, पण चेहरा सपाट होतो, घाम चमकतो, आणि डोळे बारीकच राहतात, कारण ऊन अजून तोंडावरच आहे. पुढे असं वाटायला लागतं, की आपला फ्लॅश कमी पडतोय, मोठा घ्यायला हवा. इथेच पैसे चुकीच्या जागी जातात.

आजच्या धड्याचं एकच सूत्र लिहून ठेवा: फ्लॅशला सूर्याशी कुस्ती खेळायला लावायची नाही. सूर्याला जोडप्याच्या पाठीमागे घ्यायचं आणि फ्लॅशकडून फक्त सावलीतला चेहरा भरून घ्यायचा.

सूर्य पाठीमागे गेला, की तीन कामं फुकटात होतात. डोळे आपोआप उघडतात. केसांच्या, फेट्याच्या, खांद्यांच्या कडेला उजेडाची रेघ येते. आणि पूर्ण चेहरा एकसारख्या सावलीत जातो. हा सावलीतला चेहरा उन्हातल्या भागापेक्षा साधारण दोन ते तीन स्टॉप कमी उजळ असतो. फ्लॅशला भरायचं आहे ते एवढंच अंतर.

सूर्य पाठीमागे म्हणजे नक्की कुठे?

हे महिन्यावर ठरतं. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, आणि तो दक्षिणेला असतो. म्हणजे थंडीच्या सीझनमध्ये साडेबारा वाजता जोडप्याला उत्तरेकडे तोंड करून उभं करा, सूर्य बरोबर पाठीशी येतो. दोन वाजता तो नैर्ऋत्येकडे सरकतो, तेव्हा तोंड ईशान्येला.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. हाच आपला शून्य सावली दिवस. नागपूरला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात असतो. त्या काळात साडेबाराला 'पाठीमागे' अशी दिशाच शिल्लक राहत नाही. तेव्हा दोन मार्ग आहेत.

एक: जोडप्याला मांडवाच्या, पोर्चच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला घ्या. दोघं सावलीत, मागचं अंगण उन्हात. चेहऱ्याला पुन्हा तीच एकसारखी सावली मिळाली. फक्त ऊन झिरपत नसलेली घट्ट सावली शोधा. पानांतून पडणारे कवडसे तोंडावर नकोत.

दोन: यजमानांना थोडं थांबायला सांगा. मेच्या मध्यावर पुण्यात तीन वाजेपर्यंत सूर्य पश्चिमेला कलून साधारण ५४ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा तोंड पूर्वेला. हे मुहूर्त कळल्यावर, म्हणजे ऑर्डर घेतानाच बोलून ठेवायचं. "काका, जेवणं झाल्यावर तीन वाजता या दोघांना मला फक्त पंधरा मिनिटं द्या, अल्बमचं पहिलं पान त्यातूनच निघेल," असं आधी सांगितलं तर घरचे नक्की ऐकतात. ऐन पंगतीच्या वेळी सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

कॅमेऱ्याचे दोन आकडे पाठ करा

पहिला आकडा उन्हाचा. आकाश निरभ्र असेल, तर आयएसओ १०० ला शटर १/१०० आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ हे उन्हातल्या वस्तूचं साधारण बरोबर एक्स्पोजर असतं. जुने लोक फिल्मवर मीटरशिवाय याच अंदाजाने काम करायचे. त्यावरून ही शिडी तयार होते:

१/१०० – एफ/१६
१/२०० – एफ/११
१/४०० – एफ/८
१/८०० – एफ/५.६
१/१६०० – एफ/४
१/३२०० – एफ/२.८

शिडीच्या प्रत्येक पायरीवर ऊन सारखंच दिसतं.

दुसरा आकडा तुमच्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे असतात. सिंक स्पीडपर्यंत एक क्षण असा येतो, की पूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी उडतो. त्यापेक्षा वेगात गेलात, की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा मागे लागतो. सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅशचा झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, त्यामुळे उरलेल्या भागावर तो पडतच नाही. फोटोत काळी पट्टी दिसते ती यामुळे. रेडिओ ट्रिगर वापरताना १/२०० लाही कडेला पट्टीची झाक दिसली, तर १/१६० वर या.

आता शिडी पुन्हा बघा. सिंकच्या आत राहायचं, तर भर उन्हात आपली जागा ठरलेली आहे: आयएसओ १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११. आजचा सगळा हिशेब इथून सुरू होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सिंकच्या आत शटर बदललं, तर फक्त ऊन बदलतं, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोघांनाही बदलतात.

तुमचा फ्लॅश पुरेल का? हिशेब करून बघा

तुमच्या फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर दिलेला असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ६० हा आकडा बहुधा २०० मि.मी. झूमचा असतो, त्याला भुलू नका. ५० मि.मी. झूमचा आकडा शोधा. या वर्गातल्या मोठ्या स्पीडलाइटला तो साधारण ४२ असतो.

सूत्र सोपं आहे: गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर.

फ्लॅश चेहऱ्यापासून २ मीटरवर, पूर्ण ताकदीवर ठेवला, तर ४२ ÷ २ = २१. कागदावर एफ/२१ आलं. मोकळ्या अंगणात उजेड परतवायला भिंती नसतात आणि छापील आकडे थोडे उदार असतात, म्हणून एक स्टॉप कमी धरा. आले साधारण एफ/१६. आता पुढे पांढरी अंब्रेला लावा. ती जवळपास दोन स्टॉप खाते. उरले एफ/८.

आपलं कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर आहे एफ/११, म्हणजे फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी पडला. नापास झाला का? अजिबात नाही. सावलीतल्या चेहऱ्यावर आकाशाचा थोडा उजेड आधीच आहे. तो आणि फ्लॅश मिळून चेहरा उन्हातल्या भागापेक्षा साधारण अर्धा स्टॉप खाली येतो. डोळ्यांना हे अगदी नैसर्गिक वाटतं, कारण सूर्य मागे असताना चेहरा थोडा खालीच असायला हवा. चेहरा उन्हापेक्षा उजळ केलात, तर कट-आउट चिकटवल्यासारखं दिसतं.

याच फ्लॅशने समोरून उन्हातल्या काळ्या खोबणी भरायच्या म्हटलं असतं, तर फ्लॅशला सूर्याच्या बरोबरीने किंवा जास्तच उजेड द्यावा लागला असता. फ्लॅश तोच, फक्त उभं राहायची दिशा बदलली आणि काम झालं.

आता बॅटरी वाचवूया. अंतर २ मीटरवरून १.४ मीटर केलं, की उजेड दुप्पट होतो. म्हणजे तोच परिणाम अर्ध्या ताकदीवर मिळतो. फ्लॅश लवकर चार्ज होतो, तापत नाही, सेल जास्त टिकतात. उलट अंतर दुप्पट केलं, तर उजेड चौपट कमी होतो. म्हणून फ्रेमच्या अगदी बाहेरपर्यंत अंब्रेला जवळ आणा. जवळ आली, की ती चेहऱ्याच्या मानाने मोठी होते आणि उजेडही मऊ पडतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम

१. जोडप्याला उभं करा. सूर्य त्यांच्या पाठीमागे, दोघांच्याही नाकावर ऊन नाही, याची खात्री करा.

२. कॅमेरा मॅन्युअल मोडवर. आयएसओ १००, १/२००, एफ/११. फाइल रॉ.

३. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. चेहरा काळा येईल, घाबरू नका. फक्त मागची बाजू बघा: आकाश निळं आहे का, उन्हातला फेटा आणि उपरणं जळत तर नाही ना. हायलाइटची लुकलुक चालू असेल तर कळतंच. जळत असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१३ करा. मागचं नक्की झालं, की कॅमेऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही.

४. आता फ्लॅश सुरू करा. मॅन्युअल, अर्धी ताकद. जागा: तुमच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर, नवरदेवाच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर. उन्हात लाइट बघून उडणारे स्लेव्ह फ्लॅश दगा देतात, म्हणून रेडिओ ट्रिगरच वापरा.

५. चेहरा कमी-जास्त वाटला, तर फक्त फ्लॅशची ताकद किंवा अंतर बदला.

६. नवरीच्या नथीची सावली ओठावर पडतेय का बघा. पडत असेल तर फ्लॅश थोडा खाली आणि समोर आणा. शालूची जर एखाद्या ठिकाणी फारच चमकत असेल, तर फ्लॅश थोडा बाजूला वळवा.

मागची बाजू आधी आणि चेहरा नंतर, हा क्रम मोडू नका. दोन्ही एकदम बदलायला गेलात, की काय कशाने बदललं तेच कळत नाही आणि पंधरा मिनिटं तिथेच संपतात.

"पण मला मागचं धूसर हवंय!"

एफ/११ ला मागच्या खुर्च्या, आचारी, पाण्याचा टँकर सगळं स्पष्ट दिसतं. एफ/४ वर जायचं असेल, तर शिडीप्रमाणे शटर १/१६०० लागेल, आणि ते सिंकच्या बाहेर आहे. इथे दोन उपाय आहेत.

हाय स्पीड सिंक: यात फ्लॅश एकच झोत न देता फट सरकत असेपर्यंत भराभर झोत देत राहतो. काळी पट्टी जाते, पण उन्हाच्या तुलनेत फ्लॅशची ताकद साधारण दोन स्टॉप घटते. वरच्या हिशेबात आपण अंब्रेलासकट काठावर होतो. हाय स्पीड सिंकमध्ये साध्या स्पीडलाइटला अंब्रेला परवडत नाही. अंब्रेला काढा आणि फ्लॅश जवळ आणा, तर निभावतं, फक्त उजेड थोडा कडक येतो.

एनडी फिल्टर: तीन स्टॉपचा एनडी ८ लेन्सवर लावा. शटर १/२०० च ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ/११ वरून एफ/४ करा. फिल्टरने ऊन आणि फ्लॅश दोघंही तीन स्टॉप कमी झाले, अ‍ॅपर्चरने दोघंही तीन स्टॉप वाढले. हिशेब फिटला. फ्लॅशची ताकद बदलायची गरजच नाही. ज्यांच्याकडे एकच साधा फ्लॅश आहे, त्यांच्यासाठी हा स्वस्तातला मार्ग आहे. दोन अडचणी आहेत: डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारं दिसतं आणि कधीकधी फोकस चाचपडतो. तसंच फार स्वस्त फिल्टर रंगाची छटा आणतात, म्हणून लग्नाआधी घरी तपासून घ्या.

दहा जणांचा ग्रुप आला तर?

वरमाई म्हणतात, "अहो दादा, आमचा सगळ्यांचा एक काढा ना!" आता फ्लॅश ४ मीटरवर गेला. ४२ ÷ ४ म्हणजे १०.५, एक स्टॉप कमी धरला तर साधारण एफ/८. म्हणजे अंब्रेला काढून, पूर्ण ताकदीवर, चेहरे भरण्यापुरता उजेड मिळतो. अंब्रेला लावून मिळणार नाही. तेव्हा ग्रुपसाठी फ्लॅश उघडाच ठेवा, सगळ्यांवर सारखा पडेल असा तुमच्याजवळ उंच धरा. दुसऱ्या रांगेवर पहिलीची सावली पडत नाही ना, तेवढं बघा. वीस-पंचवीस जण असतील, तर फ्लॅशचा नाद सोडा आणि सगळ्यांना इमारतीच्या मोठ्या सावलीत घ्या.

वारा आणि माणसं

उघड्या अंगणात अंब्रेला लावलेला स्टँड म्हणजे शिडाचं जहाज. वाऱ्याची एक झुळूक आली, की तो पाहुण्यांवर पडतो. लहान मुलं तिथेच धावत असतात. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी किंवा पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा. त्याहून चांगलं म्हणजे मदतनीसाच्या हातात मोनोपॉडवर फ्लॅश द्या. जागा बदलायला वेळ लागत नाही आणि लक्षही राहतं. मधल्या वेळात फ्लॅश उन्हात तापत ठेवू नका. गरम झालेला फ्लॅश स्वतःला वाचवायला वेग कमी करतो किंवा थांबतो, आणि तेही ऐन वेळी.

मोठा फ्लॅश विकत घ्यायचा का?

आता व्यवसायाचा हिशेब. साध्या स्पीडलाइटची ताकद साधारण ६० ते ८० वॅट-सेकंद असते. २०० वॅट-सेकंदचा फ्लॅश म्हणजे त्याच्यापेक्षा सुमारे दीड स्टॉप जास्त. दोन सारखे स्पीडलाइट एकत्र लावले तर एक स्टॉप जास्त. तुम्हाला किती स्टॉप कमी पडतात, हे आधी वरच्या पद्धतीने काढा. मग दुकानात जा.

आणि भाडं विचारा. समजा, फ्लॅश ३०,००० रुपयांना आहे आणि दिवसाचं भाडं ६०० रुपये आहे. म्हणजे ५० कामांनंतर किंमत वसूल होते. वर्षाला तुमची दुपारच्या उन्हातली कामं १२ असतील, तर चार वर्षं लागतील. तोपर्यंत भाड्याने आणा आणि ते ६०० रुपये कोटेशनमध्येच धरा. वर्षाला ४० कामं असतील, तर लगेच घ्या, विचार करत बसू नका. आकडे तुमच्या गावचे टाका, पद्धत हीच ठेवा.

कोटेशनमध्ये एक ओळही वाढवा: "जोडप्याचे खास फोटो – १५ मिनिटं, मुहूर्तानंतर ठरलेल्या वेळी." वेळ कागदावर असली, की लग्नाच्या दिवशी मागावी लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातल्या किंवा दुकानातल्या कोणालाही दुपारी साडेबाराला बाहेर उभं करा आणि चार फोटो काढा. पहिला, तोंडावर ऊन घेऊन, फ्लॅशशिवाय. दुसरा, ऊन पाठीमागे, फ्लॅशशिवाय. तिसरा, ऊन पाठीमागे, अंब्रेला २ मीटरवर आणि पूर्ण ताकद. चौथा, अंब्रेला १.४ मीटरवर आणि अर्धी ताकद. चारही फोटोंना आयएसओ १००, १/२००, एफ/११ हेच सेटिंग.

तिसरा आणि चौथा शेजारी ठेवून बघा. चेहऱ्याचा उजेड सारखा आला, तर हिशेब तुमच्या हातात बसला. नसेल आला, तर तुमच्या फ्लॅशचा खरा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा किती वेगळा आहे ते कळलं. तो आकडा फ्लॅशच्या पाठीवर पट्टी लावून लिहून ठेवा. पुढच्या लग्नात कार्यालयात पोहोचलात, की आधी सूर्य कुठे आहे ते बघा आणि मग बॅग उघडा.

चला, भेटूया पुढच्या भागात. धंदा जोरात करा!